उजेडाची बेगमी

आमच्या गच्चीच्या कुलपाला दोन किल्ल्या आहेत. एक आजींकडे, एक माझ्याकडे. आजी म्हणजे घरमालकांच्या आई. तळवली गावठाणातल्या या चार मजली इमारतीची गच्ची दिवसा त्यांच्या ताब्यात असते. मार्च लागला की तिथं जवळा पसरला जातो, दोरीवर बोंबील लटकतात, चादरीवर मिरच्या तडतडू लागतात. रात्री दहानंतर, आभाळ निरभ्र असलं आणि चंद्र नसला, तर गच्ची माझी. हा करार कधी बोलून ठरला नाही. एकदा मी किल्ली परत करायला विसरलो आणि ती मागण्याऐवजी आजींनी स्वतःसाठी दुसरी करून घेतली, तेवढ्यावर तो झाला. माझ्या सहा इंची दुर्बिणीच्या नळीला त्यामुळे सुकटीचा वास लागलाय. पूर्वी तो पुसायचा प्रयत्न करायचो. आता करत नाही.

हे महिने आम्हा दोघांच्याही घाईचे. आजी पावसाळ्याची बेगमी करतात आणि मी दीर्घिकांची. आपली आकाशगंगा ही चपटी तबकडी आहे आणि आपण तिच्या आतच राहतो. इतर ऋतूंत रात्रीचं आभाळ म्हणजे बरेचदा त्या तबकडीच्या कडेनं पाहणं, धुळीच्या आणि ताऱ्यांच्या गर्दीतून. उन्हाळ्याच्या सुरुवातीला मात्र ही तबकडी रात्री क्षितिजाला टेकून बसते आणि डोक्यावर, अरुंधती केशाच्या बाजूला, बाहेर पाहायची खिडकी उघडते. सप्तर्षी, सिंह, कन्या या ओळखीच्या आकृत्यांच्या पलीकडे कोट्यवधी प्रकाशवर्षांवर दुसऱ्या दीर्घिका दिसू लागतात. जूनमध्ये पाऊस ती खिडकी लावून घेतो. तोवर हाताला लागेल तेवढं भरून ठेवायचं.

'दीर्घिका' हा शब्द मला शाळेच्या पुस्तकात भेटला तेव्हा तो रुक्ष वाटला होता. संस्कृतात दीर्घिका म्हणजे लांबट तळं, बागेतली पुष्करिणी, हे फार उशिरा कळलं. अब्जावधी ताऱ्यांच्या वसाहतीला मराठीनं तळ्याचं नाव दिलं. इंग्रजी शब्दाच्या मुळाशी ग्रीकांचं दूध आहे, आपल्याकडे सगळं पाणीच. आपली ती आकाशगंगा आणि दूरच्या त्या दीर्घिका. नदीकाठी बसून लांबची तळी मोजावीत तसा हा उद्योग. 'तळवली' म्हणतानाही मला त्यात तळं ऐकू येतं, हा कदाचित त्या शब्दाच्या नादाला लागल्याचा परिणाम.

सर्पिल दीर्घिका मी पहिल्यांदा पाहिली ती वांगणीला. खगोल मंडळाचे रात्रभराचे आकाशदर्शनाचे कार्यक्रम तिथं होतात. घणसोलीहून ठाणे, ठाण्याहून कर्जत लोकल, आणि पुढं अंधारातलं रान. रांगेत उभं राहून नेत्रिकेला डोळा लावला तर दिसल्या दोन फिकट पुंजक्या, कापसाच्या बोंडातून निसटल्यासारख्या. सप्तर्षींच्या शेपटाचं टोक म्हणजे मरीची. त्याच्याजवळची ही एम-५१, श्यामशबल तारकासमूहातली. पुस्तकातल्या चित्रातले वळणदार बाहू कुठंच नव्हते. मागच्या माणसानं खाकरून आठवण करून दिली आणि मी बाजूला झालो. पण ते बाहू न दिसल्याची रुखरुख घरापर्यंत आली.

ते बाहू डोळ्यांनी पाहणारा पहिला माणूस आयर्लंडमधला, लॉर्ड रॉस. १८४५ साली त्यानं बर गावच्या आपल्या किल्ल्याच्या आवारात सहा फूट व्यासाच्या आरशाची दुर्बीण उभी केली आणि त्याच एम-५१मध्ये त्याला भोवऱ्यासारखी वळणं दिसली. कॅमेरा नव्हता. त्यानं पाहिलेलं हातानं कागदावर काढलं. पुढं १८८८च्या डिसेंबरात आयझॅक रॉबर्ट्सनं इंग्लंडात वीस इंची दुर्बिणीतून देवयानी दीर्घिकेचं छायाचित्र घेतलं. त्यात वळणदार पट्टे उमटले, पण ते तारे आहेत की वायू, आणि किती लांब, हे कळायला १९२३ उजाडावं लागलं. माउंट विल्सनच्या शंभर इंची दुर्बिणीवर एडविन हबलनं त्या पट्ट्यांत एक रूपविकारी तारा हेरला, त्याच्या उजेडाच्या चढउतारांवरून अंतर काढलं आणि देवयानी आपल्या आकाशगंगेच्या पार बाहेर निघाली. आज ते अंतर सुमारे २५ लाख प्रकाशवर्षं धरतात.

रॉसचा आरसा सहा फुटी, माझा सहा इंची. तरी त्यानं पाहिलेली वळणं माझ्या गच्चीवरून मिळतात, याचं कारण डोळ्याचा एक दोष. डोळा साठवत नाही. क्षणाच्या अंशात जे आलं ते मेंदूला देऊन तो मोकळा होतो, नळाखाली धरलेल्या ओंजळीसारखा. कॅमेऱ्याचा सेन्सर म्हणजे दोन-अडीच कोटी बारक्या वाट्या मांडून ठेवलेल्या. मिनिटभर झाकण उघडं ठेवलं तर मिनिटभराचा प्रकाश त्यांत साचतो. मग पुन्हा मिनिटभर, पुन्हा मिनिटभर. अशी दोनशे-तीनशे चित्रं घ्यायची आणि संगणकावर एकावर एक रचायची. थेंबे थेंबे तळे साचे ही म्हण मी लहानपणी पैशांच्या डब्याकडे पाहून शिकलो. ती दीर्घिकेच्या बाबतीत इतकी शब्दशः खरी असेल, असं वाटलं नव्हतं.

यासाठी दुर्बीण ताऱ्यांबरोबर वळत राहावी लागते आणि ती वळायची तर आधी ध्रुव सापडावा लागतो. तळवलीत ध्रुव क्षितिजापासून १९ अंशांवर, आपल्या अक्षांशाइतकाच. हात लांब करून मुठीवर मूठ ठेवली की दोन मुठी. त्या दोन मुठींत रबाळे-ऐरोलीच्या इमारती, मोबाइलचा मनोरा आणि खाडीवरून आलेला दमट धुरकट पडदा. ध्रुव अढळ आहे हे ध्रुवाच्या गोष्टीनं सांगितलं असेल, पण एप्रिलच्या रात्री तो दिसेल याची हमी कुणी दिलेली नाही. दिसला की माउंटचा, म्हणजे दुर्बीण फिरवणाऱ्या बैठकीचा, आस त्याच्याकडे वळवायचा, तोल तपासायचा आणि मग तासन्‌तास पाऊल न वाजवता बसायचं. खालच्या मजल्यावर पाण्याची मोटर सुरू झाली तरी ताऱ्यांच्या ठिपक्यांना शेपट्या फुटतात.

म्हणीत न सांगितलेली एक गोष्ट इथं आडवी येते. तळ्यात थेंब साचतो तसा गाळही साचतो. पश्चिमेला खाडीपलीकडचा मुलुंड-भांडुपचा उजेड. पूर्वेला ठाणे-बेलापूर रस्ता, एमआयडीसीचे रात्रपाळीचे दिवे, त्यामागं पारसिकचा डोंगर आणि डोंगराच्या खांद्यावरून डोकावणारा पलीकडच्या शहरांचा उजेड. मधे आमचा उड्डाणपूल, नाका, लग्नाचे मांडव. एका मिनिटाच्या माझ्या चित्रात जो काही प्रकाश असतो, त्यात दीर्घिकेच्या बाहूंचा वाटा शंभरात दोन-चार. बाकी सगळी तळवली आणि तिचे शेजारी.

तेजोमेघांचं छायाचित्रण करणाऱ्यांना यातून पळवाट आहे. तेजोमेघातला तापलेला वायू काही ठरावीक रंगांतच उजळतो. तेवढेच रंग आत घेणारी गाळणी लावली की शहर बाहेर राहतं. दीर्घिकेचा प्रकाश मात्र ताऱ्यांचा, म्हणजे सगळ्या रंगांचा. रस्त्यावर पिवळे सोडियमचे दिवे होते तोवर त्यांचा ठरावीक पिवळा-नारिंगी पट्टा थोडा तरी अडवता यायचा. त्यांच्या जागी आलेल्या पांढऱ्या एलईडीनं सगळेच रंग व्यापले. आता गाळणी लावून शहराला अडवायला गेलं तर दीर्घिकाही अडते. दोघांच्या उजेडाची जातच एक.

उरतो एकच मार्ग, जास्त रात्री. त्याचा हिशेबही कंजूष आहे. चित्रातला नॉइज, म्हणजे तो चरचरीत दाणेदारपणा, चित्रं वाढवत नेली की कमी होतो, पण वर्गमुळाच्या चालीनं. चार चित्रांनी दुप्पट सुधारणा, शंभरांनी दहापट, चारशेंनी वीसपट. चौपट जागायचं आणि दुप्पट मिळवायचं. विदर्भातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला २०२४च्या जानेवारीत देशातलं पहिलं 'डार्क स्काय पार्क' म्हणून मान्यता मिळाली. तिथल्या अंधारात तासाभरात जे हाती येईल, त्यासाठी इथं आठवडाभर जागावं लागतं. कुणी विचारतं, मग तिकडंच का जात नाही? जातो कधीतरी. पण रोजचं आभाळ हे आहे.

एका अमावास्येच्या रात्री मी चाळीस-एक चित्रं घेऊन बसलो होतो. अचानक गच्ची पांढरी झाली. दारातला दिवा लावून आजी उभ्या होत्या, खांद्यावर पदर, हातात विजेरी.

"एवऱ्या रातीचं काय करतोस रं पोरा?"

"आजी, दिवा!"

त्यांनी दिवा मालवला, पण ते चित्र गेलं ते गेलंच. अंधारात चाचपत त्या पाण्याच्या टाकीच्या कठड्यावर येऊन बसल्या. मी लॅपटॉपवरचं ताजं चित्र दाखवलं. राखी-तांबूस पडदा, त्यावर थोडे ठिपके. "यात काय हाय?" म्हणाल्या. मी सांगितलं, अजून काही नाही, अशी खूप घेतली की दिसेल. त्यांना हे अजिबात विचित्र वाटलं नाही. त्यांना वाटलं ते वेगळंच. "आज अवस. तू नेमका अवसेलाच कसा येतोस वर?"

चंद्र नसतो म्हणून, मी म्हणालो. त्या हसल्या. अवसेला खाडीला उधाण असतं, अष्टमीला भांग, आणि अवसेच्या चिंबोऱ्या भरलेल्या असतात, हे त्यांना कॅलेंडरात पाहावं लागत नाही. लग्न होऊन आल्या तेव्हा खाडी आणि गाव यांच्यामध्ये शेतं आणि मिठागरं होती. बत्ती घेऊन माणसं रात्री बांधावर जायची. काळोख कामाचा होता. मग १९७० साली सिडको आली, नव्या शहरासाठी पंच्याण्णव गावांच्या जमिनी घ्यायचं ठरलं आणि शेतांच्या जागी सेक्टर उगवले. माझी तिथी आणि त्यांची तिथी एकाच चंद्रानं ठरवलेली. मी त्याच्या उजेडाला चुकवत होतो, त्या त्याच्या ओढीचा हिशेब ठेवत होत्या. उठताना म्हणाल्या, "दिवा लावायच्या आधी हाक मारीन." तेव्हापासून मारतात.

अवसेवरून मला २०२३चा मे आठवतो. १९ तारखेला, वैशाखी अमावास्येच्या दिवशी, जपानमधल्या कोइची इतागाकी या हौशी निरीक्षकाला एम-१०१ या सर्पिल दीर्घिकेत नवा ठिपका दिसला. एक प्रचंड तारा फुटला होता. सुपरनोव्हा. जगभरच्या गच्च्यांवर, अंगणांत, शेतांत दुर्बिणी त्या दिशेला वळल्या. मीही वळवली. एम-१०१ सप्तर्षींच्या शेपटाच्या वरच्या अंगाला, वसिष्ठ आणि मरीची यांच्याशी त्रिकोण करणारी. ती इतकी पसरट आणि फिकी आहे की तळवलीतून तिचे बाहू मिळवणं म्हणजे चहात पडलेलं साखरेचं पाणी वेगळं काढणं. माझ्या चित्रांत दीर्घिका जवळजवळ नव्हतीच. पण तो ठिपका होता. एप्रिलच्या चित्रात त्या जागी काही नाही, मेच्या चित्रात टोचल्यासारखा तारा. सगळं तळं गाळात बुडालेलं आणि त्यातलं एकच कमळ वर आलेलं. २ कोटी १० लाख वर्षांपूर्वी झालेला तो स्फोट आमच्या मांडवांच्या हॅलोजनमधूनही पोचला होता.

अंतरांचे हे आकडे मला पूर्वी पोकळ वाटायचे. त्यांना वजन दिलं ते पारसिकनं. तो काळा दगड साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. एम-५१चा प्रकाश तिथून निघाला तो सुमारे तीन कोटी वर्षांपूर्वी, म्हणजे हा डोंगर तेव्हाच जुना झाला होता. गच्चीवरून उजव्या हाताला जे दिसतं ते दुर्बिणीतून दिसणाऱ्या उजेडाहून दुप्पट म्हातारं आहे. पारसिकच्या खाणींतली खडी या भागातल्या कितीतरी इमारतींत गेली. आम्ही बसतो त्या स्लॅबमध्येही ती असणार. त्यामुळे रात्री त्या उजेडाहून प्राचीन गोष्ट बसायच्या सतरंजीखाली असते.

मग प्रश्न येतो तो नेहमीचाच. हबल दुर्बिणीनं घेतलेलं एम-५१चं चित्र २००५ सालापासून सगळ्यांसाठी खुलं आहे. त्यात बाहूंमधले गुलाबी तेजोमेघ, धुळीच्या काळ्या शिरा, सगळं आहे. आणि पल्लाही आता कुठल्या कुठं गेला. २०२५च्या नोव्हेंबरात पुण्याच्या एनसीआरए संस्थेतल्या राशी जैन आणि योगेश वाडदेकर यांनी जेम्स वेब दुर्बिणीच्या चित्रांतून एक सर्पिल दीर्घिका शोधल्याचं जाहीर झालं. विश्व जेमतेम दीडशे कोटी वर्षांचं होतं तेव्हाची, तरी दोन बाहू नीट घडलेले. इतक्या लवकर इतकी सुबक घडण कशी झाली, हे कोडंच आहे. तिचं नाव त्यांनी अलकनंदा ठेवलं. पुन्हा पाणीच. अशा वेळी तळवलीच्या टाकीशेजारी सहा इंची नळी लावून, विमानं चुकवत, ज्याचं उत्तम चित्र आधीच आहे त्याचं वाईट चित्र काढणारा माणूस नक्की काय करत असतो?

याचं उत्तर मला पावसाळ्यात मिळालं, कारण चित्रं खऱ्या अर्थानं तेव्हाच तयार होतात. जूनमध्ये दुर्बीण सिलिका जेलच्या पुड्यांसकट पेटीत जाते, नाहीतर आरशाला बुरशी धरते. आजींचा जवळा बरण्यांत जातो. बाहेर आठ-आठ दिवस सूर्यही दिसत नाही आणि मी संगणकावर मार्च-एप्रिलच्या रात्री उघडतो. आधी वजाबाकी: झाकण लावून घेतलेली 'डार्क' चित्रं वजा करायची, म्हणजे सेन्सरची स्वतःची ऊब जाते. मग 'फ्लॅट'. पहाटे नळीच्या तोंडावर पांढरा गंजीफ्रॉक ताणून घेतलेली ही चित्रं आरशावरच्या धुळीचे डाग दाखवतात. त्यांनी भागलं की डाग जातात. मग रचणं. प्रत्येक बिंदूपाशी संगणक सगळ्या चित्रांना विचारतो, इथं काय होतं? एखाद्यातच आलेलं विमान, उपग्रहाची रेघ, आजींचा दिवा, बाकीच्यांशी जुळत नाही म्हणून गळून पडतं. दर वेळी त्याच जागी आलेलं तेवढं राहतं.

तरीही दीर्घिका दिसत नाही. कारण शहराचा उजेडही दर वेळी आलेला असतो, तोही तितकाच इमानी. तो काढायला शेवटची वजाबाकी लागते. ताऱ्यांमधल्या रिकाम्या जागांवरून संगणक त्या उजेडाचा उतार आखतो, कुठं दाट, कुठं विरळ, आणि तेवढाच पडदा संपूर्ण चित्रातून उचलतो. यंदा पाच रात्रींच्या चित्रांवर ही आज्ञा दिली, आणि मरीचीजवळच्या त्या कापसाच्या पुंजक्यांपैकी मोठीला दोन बाहू फुटले. एक बाहू लांबत जाऊन धाकट्या पुंजकीला टेकलेला. दाणेदार, फिकं, हबलच्या चित्रापुढं केविलवाणं. वांगणीला न दिसलेलं ते वळण माझ्या वाट्यांत थेंबाथेंबानं उतरलं होतं.

लॅपटॉप घेऊन खाली गेलो. आजी जवळा भाजत होत्या, खोलीत कांद्याचा आणि सुकटीचा धूर. त्यांनी चष्मा लावून चित्र बराच वेळ पाहिलं. "गोगलगाय," म्हणाल्या. मग विचारलं, "पन यात आपली तलवली कुठं?"

मी म्हणणार होतो की ती काढून टाकली, त्याशिवाय हे दिसत नाही. पण तसं झालेलं नव्हतं. पडदा उचलताना संगणक दोन फाइली करतो: एक दीर्घिकेची, दुसरी उचललेल्या पडद्याची. ही दुसरी फाइल लोक पुसतात. मी ती उघडली. तारा नाही, ठिपका नाही. नुसता एक उजेड, वर करडा, खाली क्षितिजाकडे पांढुरका होत गेलेला, एका कोपऱ्यात किंचित तांबूस.

"ही," मी म्हणालो.

आजी वाकल्या. कालवण ढवळायचा चमचा तसाच हातात ठेवून त्यांनी खालच्या उजळ कडेवर बोट टेकवलं. "हा पुलाकरचा." तांबूस कोपऱ्याकडे पाहून थोडा विचार केला. "आनि या अंगाला मांडव असेल. एप्रिलात लग्नं होती ना." मग मागं सरकून त्यांनी ते सगळं एकदम पाहिलं, रिकामं, उतरतं, पाच रात्रींचं. "मंग ह्याचा पन फोटो काढून दे," म्हणाल्या, आणि कढईकडे वळल्या.

दोन्ही फाइली छापायला टाकल्या आहेत. दुकानदारानं दुसरी उघडून विचारलं, साहेब, ही चुकून आली का?